बाहेर ठेवणारा शब्द : इंग्रजीतील 'बट'

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला 'बट' हा शब्द पहिल्या काही धड्यांतच भेटतो आणि त्याचा अर्थ 'पण' असा एकदा सांगून झाला, की त्याच्याकडे पुन्हा वळून पाहण्याचे कारण शाळेत सहसा उरत नाही. हा शब्द दोन पदे किंवा दोन वाक्ये जोडतो आणि त्यांच्यात विरोध असल्याचे दाखवतो, हे वर्णन चुकीचे नाही. मात्र तेवढ्याने त्याच्या अनेक नेहमीच्या वापरांचा उलगडा होत नाही. 'द वर्क इज ऑल बट कम्प्लीट' या वाक्यात 'बट'च्या जागी 'पण' ठेवले तर हाती काहीच लागत नाही, कारण त्या वाक्याचा अर्थ 'काम जवळजवळ पूर्ण झाले आहे' असा आहे. 'नथिंग बट', 'बट फॉर', 'लास्ट बट वन' या प्रयोगांतही 'पण' कोठे बसत नाही. शालेय व्याकरणे हे सारे प्रयोग सुटे सुटे नोंदवतात आणि विद्यार्थी ते पाठ करतात. वस्तुतः ते एकाच जुन्या अर्थाचे फाटे आहेत, आणि तो अर्थ लक्षात घेतला, की विरोधदर्शक 'बट' वाक्यात नेमके काय काम करतो आणि वाचकाच्या गळी काय उतरवतो, हेही स्पष्ट दिसू लागते.

प्राचीन इंग्रजीत, म्हणजे साधारणपणे इसवी सनाच्या बाराव्या शतकापूर्वीच्या इंग्रजीत, या शब्दाचे रूप 'बूटन' असे होते. त्यातील पहिला अंश 'पाशी' किंवा 'बाजूला' असा अर्थ देणारा, तर दुसरा आजच्या 'आउट'चा सगोत्र आणि 'बाहेरून' असा अर्थ देणारा. दोन्ही मिळून '-च्या बाहेर' हा अर्थ सिद्ध होई. त्याचा जोडीदार 'बिनन' हा शब्द '-च्या आत' या अर्थाचा होता. इंग्रजीने यांपैकी आतला शब्द पुढे गमावला, तरी तिच्या शेजारच्या डच भाषेत 'बाउटन' आणि 'बिनन' ही जोडी 'बाहेर' आणि 'आत' या अर्थांनी आजही रोजच्या बोलण्यात आहे. स्कॉटलंडमध्ये तर घराच्या रचनेतच हा जुना अर्थ टिकून राहिला, कारण तेथील दोन खोल्यांच्या साध्या घराला 'बट अँड बेन' म्हणत आणि त्यात बाहेरची खोली, जिथे सहसा चूल असे, ती 'बट', तर आतली खोली ती 'बेन'. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील मॅकिन्टॉश घराण्याच्या ब्रीदवाक्यात 'हातमोज्याशिवाय मांजराला हात लावू नका' असा इशारा आहे, आणि त्यातील 'शिवाय' या अर्थाचा शब्द म्हणजे 'बट'चेच एक जुने रूप होय. 'अबाउट' हा शब्दही याच कुळातला असून त्याचा मूळ अर्थ 'बाहेरच्या बाजूने, सभोवती' असा होता.

विरोध दाखवण्यासाठी प्राचीन इंग्रजीत 'अक' हा वेगळाच शब्द होता. चौदाव्या शतकातील विल्यम लँगलंडच्या 'पीअर्स प्लाउमन' या काव्यात तो वारंवार येतो. त्याच काळातील चॉसरच्या लेखनात मात्र त्याची जागा 'बट'ने घेतलेली आढळते, आणि त्यानंतर 'अक' इंग्रजीतून कायमचा गेला. 'बाहेर' या अर्थाचा शब्द विरोधापर्यंत कसा पोहोचला, हे समजणे मराठी वाचकाला अवघड नाही. 'राम सोडून सगळे आले' या वाक्यात रामाला एका समूहाच्या बाहेर ठेवले आहे. तेच 'सगळे आले, पण राम आला नाही' असे म्हटले, की वगळण्याची क्रिया एका पदापुरती न राहता संपूर्ण विधानाला लागू होते आणि अपवादाचे रूपांतर विरोधात होते. स्थळवाचक 'बाहेर', मग 'वगळून', मग 'एवढे सोडले तर' आणि अखेरीस 'परंतु', असा हा प्रवास आहे. तो एकट्या इंग्रजीचाच नव्हे. हिंदी-उर्दूने फारसीकडून घेतलेल्या 'मगर' या शब्दात 'अगर' म्हणजे 'जर' याच्या आधी निषेधाचा 'म' आहे, त्यामुळे त्याचा मूळ अर्थ 'जर नाही तर' किंवा 'याखेरीज' असा होतो; डच भाषेतील विरोधदर्शक 'मार' हा शब्दही 'हे नसते तर' अशा जुन्या शब्दबंधातून झिजत झिजत तयार झाला आहे.

मराठीतील 'पण' मात्र अगदी उलट दिशेने आलेला आहे. त्याचे मूळ संस्कृत 'पुनः' या शब्दात असून प्राकृतातील 'पुण' या रूपातून तो मराठीत उतरला. 'पुन्हा' म्हणजे आधीच्यात आणखी काही घालणे, आणि ही भर घालण्याची वृत्ती 'पण'ने अजून सोडलेली नाही. बोलीत 'मी पण येतो' असे म्हणणारा कोणताही विरोध दाखवत नसून स्वतःला इतरांत मिळवून घेत असतो. फ्रेंचमधील 'मे' आणि इटालियनमधील 'मा' हे विरोधदर्शक शब्दही 'अधिक' या अर्थाच्या लॅटिन 'मागिस'पासून आले आहेत, म्हणजे त्यांचे मूळही भर घालण्यातच आहे. इंग्रजी 'बट' वगळण्यातून विरोधाकडे आला आणि मराठी 'पण' मिळवण्यातून विरोधाकडे आला, म्हणून विरोधाच्या चौकात दोघे एकत्र भेटत असले, तरी त्या चौकापलीकडे दोघांच्या वाटा एकमेकींना कोठेच मिळत नाहीत. 'मी पण' मधला 'पण' इंग्रजीत 'बट' होऊ शकत नाही आणि 'ऑल बट' मधला 'बट' मराठीत 'पण' होऊ शकत नाही, याचे कारण हे आहे.

वगळण्याच्या अर्थाची इंग्रजीतील शाखा आजही भरघोस आहे. 'ऑल बट वन' म्हणजे 'एक सोडून सगळे'. 'लास्ट बट वन' म्हणजे शेवटचा एक वगळल्यावर जो शेवटचा उरतो तो, अर्थात शेवटून दुसरा. 'नथिंग बट' यात आधी सर्व काही नाकारले जाते आणि त्या नकाराच्या बाहेर एकच वस्तू ठेवली जाते, त्यामुळे अर्थ 'फक्त तेवढेच' असा होतो. भारतातील न्यायालयांत साक्षीदार जी शपथ घेतो, तिचा इंग्रजी मसुदा १९६९च्या शपथ अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेला आहे आणि त्यात सत्य, संपूर्ण सत्य व सत्याखेरीज दुसरे काहीही नाही, या तिसऱ्या अंशात हाच 'बट' आहे. याच्या नेमके उलट 'एनिथिंग बट' हा प्रयोग चालतो. 'द एक्झाम वॉज एनिथिंग बट ईझी' याचा अर्थ परीक्षेला दुसरे कोणतेही विशेषण लावा, सोपी हे तेवढे लावू नका, असा होतो, म्हणजेच ती मुळीच सोपी नव्हती. हे दोन प्रयोग दिसायला जुळे आणि अर्थाने परस्परविरोधी असल्यामुळे भाषांतरात येथे घसरण्याचा धोका असतो. आरंभी आलेल्या 'ऑल बट कम्प्लीट' या वाक्याची उपपत्तीही आता लागते: पूर्णत्वाच्या अलीकडचे सर्व टप्पे कामाने गाठले, केवळ पूर्णत्वाचा टप्पा तेवढा बाहेर राहिला, म्हणून 'जवळजवळ पूर्ण'.

वगळण्याच्या अर्थाला सर्वांत गंभीर काम मिळाले आहे ते कायद्यात. एखाद्याच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याची हानी झाली, असा दावा आला म्हणजे त्या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे की नाही, हे ठरवण्यासाठी इंग्लंडच्या आणि तिच्या परंपरेतील इतर देशांच्या न्यायालयांत 'बट फॉर' कसोटी लावली जाते. 'बट फॉर' म्हणजे 'एवढे वगळले तर'. घडलेल्या घटनाक्रमातून प्रतिवादीची चूक मनाने बाहेर काढायची आणि मग हानी टळली असती का, असे विचारायचे. या कसोटीचे प्रसिद्ध उदाहरण १९६०च्या दशकात लंडनमध्ये घडले. रात्रपाळीच्या तीन पहारेकऱ्यांना चहा प्याल्यानंतर उलट्या होऊ लागल्या, ते रुग्णालयाच्या अपघात विभागात गेले, तेथील डॉक्टरांनी त्यांना न तपासताच घरी जाऊन आपापल्या डॉक्टरांना बोलावण्याचा निरोप दिला, आणि त्यांपैकी एकाचा काही तासांतच मृत्यू झाला. चहात आर्सेनिक हे विष होते. डॉक्टरांनी कर्तव्यात कसूर केली, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि वेळीच तपासणी झाली असती, तरीही विषावरील उपचार परिणामकारक ठरण्याआधी मृत्यू ओढवलाच असता, असा निष्कर्ष पुराव्यावरून निघाल्यामुळे मृताच्या पत्नीचा दावा फेटाळला गेला. मराठीत या कसोटीसाठी एक शब्द पुरत नाही, '-ले नसते, तर' अशी संकेतार्थाची संपूर्ण रचना करावी लागते. मराठी भाषेने मात्र कायद्याच्याच क्षेत्रात याच वाटेवरून उलटे पाऊल टाकले आहे. अधिनियमातील एखाद्या कलमाला मर्यादा घालणारा किंवा अपवाद जोडणारा जो मजकूर असतो, त्याचा आरंभ मराठी मसुद्यात 'परंतु' या शब्दाने होतो, आणि म्हणून त्या मजकुराला 'परंतुक' असे नाव पडले. इंग्रजीत अपवादाच्या शब्दातून विरोध निघाला, तर मराठी विधिभाषेत विरोधाच्या शब्दातून अपवाद निघाला. दोन्ही अर्थ एकमेकांच्या किती निकट आहेत, याचा याहून चांगला पुरावा सापडणे कठीण.

'फक्त' या अर्थाचा 'बट' आता काहीसा जुनाट किंवा साहित्यिक वाटतो, पण त्याची घडण मोठी वेधक आहे. 'ही इज बट अ चाइल्ड' म्हणजे 'तो केवळ मूल आहे'. जुन्या इंग्रजीत अशा वाक्यात क्रियापदाला निषेधवाचक शब्द जोडलेला असे आणि 'तो मुलाखेरीज काही नाही' असा त्याचा सरळ अर्थ होई. कालांतराने तो निषेधवाचक शब्द गळून पडला आणि 'खेरीज' या अर्थाच्या 'बट'नेच निषेधाचा भार उचलून 'केवळ' हा अर्थ धारण केला. येथे मराठीतील 'मात्र' या शब्दाची तुलना करण्याजोगी आहे, कारण 'नाममात्र', 'क्षणमात्र' या शब्दांत तो 'केवळ तेवढेच' असे सांगतो आणि 'सगळे आले, तो मात्र आला नाही' यात विरोध दाखवतो. एकाला बाजूला काढून त्याच्यापुरतेच बोलणे हे दोन्ही अर्थांना जोडणारे सूत्र आहे. 'आय कॅनॉट बट अ‍ॅडमायर हिम' या वाक्यात त्याचे कौतुक करण्याखेरीज दुसरे काही करता येत नाही, म्हणजे 'कौतुक केल्यावाचून राहवत नाही'. भारतीय शाळांत अनेक पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात निषेधवाचक पदानंतर येणाऱ्या 'बट'ला संबंधी सर्वनाम म्हटले आहे. 'जो अमुक करत नाही असा कोणी नाही' या अर्थाची ती रचना आज प्रत्यक्ष वापरातून जवळपास गेलेली आहे आणि विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी फार शक्ती खर्चण्याचे कारण नाही.

विरोधाच्या अर्थातही 'बट' एकच काम करत नाही. 'ही इज नॉट अ डॉक्टर बट अ लॉयर' यात पहिली माहिती खोडून तिच्या जागी दुसरी ठेवली आहे, तर 'ही इज नॉट अ डॉक्टर, बट ही नोज मेडिसिन' यात पहिली माहिती तशीच कायम ठेवून तिच्यातून निघणारा संभाव्य निष्कर्ष अडवला आहे. इंग्रजी या दोन्ही ठिकाणी एकच शब्द वापरते. अनेक भाषा तसे करत नाहीत. जर्मनमध्ये खोडून बदलण्यासाठी 'झोंडर्न' आणि अडवण्यासाठी 'आबर', स्पॅनिशमध्ये त्याच क्रमाने 'सीनो' आणि 'पेरो', तर स्वीडिशमध्ये 'उतान' आणि 'मेन' असे वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतील 'उतान'चा दुसरा अर्थ 'शिवाय' असा असून तो 'आउट'च्याच कुळातला आहे. मराठीही या बाबतीत इंग्रजीपेक्षा अधिक काटेकोर आहे. 'तो डॉक्टर नसून वकील आहे' किंवा 'तो डॉक्टर नव्हे, तर वकील आहे' असे मराठीत म्हणतात आणि 'तो डॉक्टर नाही, पण त्याला वैद्यक कळते' यात 'पण' वापरतात. 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो' या जोडीचे मराठी रूप 'केवळ नव्हे, तर' असे होते, ते याच नियमाने. वृत्तपत्रांतील घाईच्या भाषांतरांत 'हा प्रश्न आर्थिक नाही पण सामाजिक आहे' अशी वाक्ये दिसतात, तेव्हा ती वाचताना जो अडखळा जाणवतो, तो मराठीने जपलेला हा भेद इंग्रजीच्या छायेत पुसला गेल्याचा असतो.

मराठी माणूस इंग्रजी लिहितो तेव्हा उलट बाजूची चूक होते. मराठीत 'जरी पाऊस पडत होता, तरी सामना झाला' अशी दोन्ही अंगांना खूण करण्याची पद्धत आहे, म्हणून 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द मॅच वॉज प्लेड' असे वाक्य सहज लिहिले जाते. आजची इंग्रजी विरोधाची खूण एकदाच करते: 'ऑल्दो' आले तर 'बट' गाळायचा आणि 'बट' आला तर 'ऑल्दो'. दोन रचनांतील अर्थभेद असा, की 'ऑल्दो'चे वाक्यांग गौण ठरते आणि ते पुढे किंवा मागे कोठेही ठेवता येते, तर 'बट' नेहमी दुसऱ्या वाक्यांगाच्या आरंभीच बसतो आणि त्या वाक्यांगाला पहिल्याच्या बरोबरीचा दर्जा देतो. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया येथील बोलींत तो वाक्याच्या अगदी शेवटी 'तरीपण' अशा अर्थाने येतो; प्रमाण लेखनात ते चालत नाही. 'बट'ने वाक्याचा आरंभ करू नये, हा शाळांतून ऐकू येणारा नियम मात्र निराधार आहे. १६११ मध्ये छापल्या गेलेल्या किंग जेम्स आवृत्तीच्या बायबलात अशी वाक्ये जागोजाग आहेत, आणि अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजवट झुगारून देण्याचा हक्क सांगणारे वाक्यही 'बट'नेच सुरू होते.

आता मुख्य प्रश्न उरतो तो असा, की विरोधदर्शक 'बट' वाक्याच्या अर्थात नेमकी कोणती भर घालतो. 'तो गरीब आहे आणि प्रामाणिक आहे' आणि 'तो गरीब आहे, पण प्रामाणिक आहे' ही दोन विधाने कोणत्या परिस्थितीत खरी ठरतील, याचा विचार केला, तर दोहोंची उत्तरे एकच येतात: गरिबी असली पाहिजे आणि प्रामाणिकपणा असला पाहिजे. म्हणून तर्कशास्त्राच्या चिन्हलिपीत दोन्ही वाक्ये एकाच चिन्हाने लिहिली जातात. आधुनिक तर्कशास्त्राचा पाया घालणारे जर्मन विचारवंत गोटलोब फ्रेग यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बेग्रिफ्सश्रिफ्ट' या ग्रंथात या मुद्द्याची दखल घेतली असून, 'आणि' व 'पण' यांतील भेद आपल्या लिपीत व्यक्त होत नाही, कारण पुढे येणारी गोष्ट अपेक्षेपेक्षा वेगळी आहे असे सूचित करायचे असेल तेव्हा वक्ता 'पण' वापरतो, असे त्यांनी नोंदवले आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६१च्या एका निबंधात गरीब पण प्रामाणिक अशा स्त्रीविषयीच्या वाक्याचे उदाहरण घेऊन दाखवले, की ही सूचना वाक्याच्या सत्यासत्यतेचा भाग नसली, तरी ती 'बट' या शब्दालाच चिकटलेली असते, आणि म्हणून वक्त्याला ती नंतर झटकून टाकता येत नाही. संस्कृत वैयाकरणांनी या प्रकारच्या शब्दांचा विचार फार पूर्वी केला होता. 'च', 'तु' यांसारख्या निपातांना ते वाचक म्हणजे स्वतःचा अर्थ सांगणारे न मानता द्योतक, म्हणजे इतर पदांच्या अर्थातील संबंध उजळून दाखवणारे, मानत. 'परंतु' आणि 'किंतु' या शब्दांच्या शेवटी बसलेला 'तु' तो हाच. मराठी व्याकरणाने या गटाला दिलेले 'न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय' हे नावही अर्थपूर्ण आहे, कारण पहिल्या वाक्यात काहीतरी उणेपणा असल्याचा बोध हे अव्यय करून देते, विरोध त्यातून ओघाने येतो.

'बट' ज्या अपेक्षेला छेद देतो, ती नेहमीच समाजाची असते असे नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७१ मध्ये 'बट'चे दोन प्रकार वेगळे केले: 'जॉन उंच आहे, पण बिल ठेंगणा आहे' यात दोन शब्दांच्या अर्थांतच विरोध आहे, तर 'जॉन उंच आहे, पण बास्केटबॉलमध्ये त्याला गती नाही' यात उंच माणूस तो खेळ चांगला खेळतो या समजुतीचा भंग आहे. फ्रान्समध्ये ओस्वाल्ड द्युक्रो आणि ज्याँ-क्लोद आन्सकोंब्र यांनी हा विचार पुढे नेताना असे मांडले, की विरोध दोन वाक्यांत नसून त्यांच्यातून निघणाऱ्या निष्कर्षांत असतो, आणि अखेरचा कौल दुसऱ्या वाक्याचा असतो. 'खानावळ महाग आहे, पण जेवण उत्तम आहे' असे म्हणणारा माणूस तेथे जाण्याचा सल्ला देत आहे. 'जेवण उत्तम आहे, पण खानावळ महाग आहे' असे म्हणणारा जाऊ नका असे सुचवत आहे. माहिती तीच, क्रम बदलला आणि सल्ला उलटला. कर्मचाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात किंवा शाळेच्या प्रगतिपुस्तकात आधी स्तुती आणि मग 'पण' आला, की वाचणाऱ्याच्या मनात स्तुती का टिकत नाही, याचे उत्तर या क्रमात आहे.

जेथे अपेक्षा समाजाची असते, तेथे हा शब्द अधिक जपून वापरावा लागतो. 'गरीब पण प्रामाणिक' हे ऐकणाऱ्याने 'हे खरे नाही' असे म्हटले, तर त्याने गरिबी नाकारली किंवा प्रामाणिकपणा नाकारला असाच अर्थ होतो. गरीब माणसे सहसा अप्रामाणिक असतात, ही जी समजूत 'पण'ने गृहीत धरली, तिला त्या नकाराचा धक्काही लागत नाही. उघडपणे केलेले विधान खोडता येते, परंतु जोडशब्दाच्या आडून आलेली समजूत खोडण्यासाठी बोलणे थांबवून 'येथे पण कशासाठी?' असे विचारावे लागते, आणि ते सहसा कोणी विचारत नाही. पूर्वग्रहाला भाषेत इतकी सुरक्षित जागा दुसरी क्वचितच मिळते.

बायबलच्या जुन्या करारातील 'गीतरत्न' या काव्याच्या आरंभी एक तरुणी आपला काळा वर्ण आणि आपले सौंदर्य यांचा एका दमात उल्लेख करते, त्या ओळीच्या भाषांतरांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मूळ हिब्रूत ही दोन विशेषणे जोडणारे अक्षर 'आणि' व 'पण' या दोन्ही अर्थांनी वापरले जाते, त्यामुळे निवड भाषांतरकारावर येऊन पडते. ख्रिस्तपूर्व काळात सुरू झालेल्या सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतरात तेथे 'आणि' या अर्थाचा शब्द आहे. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात संत जेरोम यांनी सिद्ध केलेल्या आणि पुढे व्हल्गेट या नावाने पश्चिम युरोपात प्रमाण ठरलेल्या लॅटिन भाषांतरात मात्र तेथे 'पण' आला, आणि १६११च्या किंग जेम्स आवृत्तीतही 'बट'च वापरला गेला. शतकानुशतके इंग्रजी वाचकांनी काळेपणा हे सौंदर्याच्या आड येणारे उणे आहे, ही समजूत धर्मग्रंथाच्या अधिकाराने वाचली, आणि ती ज्या तीन अक्षरांत साठवलेली होती, त्यांना मूळ पाठाची सक्ती नव्हती. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने त्या जागी 'अँड' घातला. हिब्रू पाठात बदल झालेला नव्हता. त्या ओळीत काय गृहीत धरायचे, याविषयीचा निर्णय बदलला होता, आणि तो योग्य निर्णय होता.

मराठीत 'सावळी, पण नाकीडोळी नीटस' हा शब्दप्रयोग मुलीच्या वर्णनात आणि स्थळे सुचवताना इतका रुळलेला आहे, की त्यातील 'पण' ऐकूही येत नाही. 'सावळी आणि नाकीडोळी नीटस' असे म्हटले, तर वर्णाची माहिती तेवढीच राहते, चेहऱ्याची माहिती तेवढीच राहते, आणि वर्णनातून केवळ एक समजूत बाहेर पडते. मुलीची माहिती लिहून देणाऱ्या आईवडिलांनी, ती पुढे पोहोचवणाऱ्या मध्यस्थांनी आणि तशी जाहिरात छापणाऱ्या संपादकांनी हा एक शब्द काढून टाकावा.